उत्तर बरोबर, तरी कम्प्युटर म्हणतो ‘चूक’! त्रिकोणमितीच्या ऑनलाइन गृहपाठात नेमकं काय घडतं?

समजा, अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी रात्री पावणेबारा वाजता लॅपटॉपसमोर बसलाय. गृहपाठ बाराला बंद होणार. शेवटचा प्रश्न आहे: ज्याचा साइन अर्धा येतो असा एक कोन सांगा.

तो ३९० अंश लिहितो. बटण दाबतो. लाल पट्टी येते, चूक!

तो वही पुन्हा तपासतो. ३९० म्हणजे एक पूर्ण फेरी आणि वर ३० अंश. साइन ३९० म्हणजे साइन ३०, म्हणजे अर्धा. उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. वर्गातल्या सरांनी वहीत हेच उत्तर पाहिलं असतं, तर क्षणभर थांबून ‘टिक’ केली असती. पण इथे सर नाहीत. सरांनी दोन महिन्यांपूर्वी लिहून ठेवलेल्या काही ओळी आहेत आणि त्या ओळींना फक्त ‘३०’ एवढंच माहीत आहे.

यात चूक विद्यार्थ्याची नाही आणि कम्प्युटरचीही नाही. प्रश्न ज्यानं ‘कोड’ केला त्याच्याकडून एक गोष्ट राहून गेली आहे. ती गोष्ट दिसते तेवढी सोपी नाही.

एका प्रश्नाला इतकी उत्तरं का?

जत्रेतला आकाशपाळणा आठवा. तुमची पेटी वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. पाळण्याच्या आसाच्या पातळीपासून तुम्ही किती वर आहात, हे मोजत राहिलात तर जो आलेख मिळेल तोच साइनचा आलेख.

आता कुणी विचारलं, ‘आसापासून बरोबर अर्ध्या उंचीवर तू कधी होतास?’, तर एका फेरीत असे दोन क्षण येतात. एकदा वर चढताना, ३० अंशांवर. एकदा खाली उतरताना, १५० अंशांवर. दुसऱ्या फेरीत तेच क्षण पुन्हा येतात, ३९० आणि ५१० वर. पाळणा उलटा फिरवला तर उणे २१० आणि उणे ३३० वर. पाळणा थांबत नाही, म्हणून उत्तरंही संपत नाहीत.

गणिताच्या भाषेत साइन हे ‘आवर्ती’ फल आहे. दर ३६० अंशांनी ते स्वतःला पुन्हा गिरवतं. टॅन तर त्याहून उतावीळ, दर १८० अंशांनीच परत येतो.

जाता जाता, ‘साइन’ हा शब्द मुळात आपल्याकडचाच. आर्यभटाच्या काळात धनुष्याच्या दोरीवरून त्याला ‘ज्या’ म्हणत. अरबांनी त्याचं ‘जीबा’ केलं. अरबी लिखाणात स्वर गाळले जात असल्यामुळे पुढे कुणीतरी ते ‘जैब’ असं वाचलं, ज्याचा अर्थ खिसा किंवा वस्त्राची घडी. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द उचलला आणि तोच जगभर गेला. म्हणजे या विषयातला वाचणाऱ्याचा गोंधळ तसा जुनाच आहे!

वेबवर्क: गृहपाठ तपासणारं यंत्र

ऑनलाइन गणिताचा गृहपाठ ही कोरोनाच्या काळातली गोष्ट आहे, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती त्याच्या पाव शतक आधीची. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात मायकल गेज आणि अर्नोल्ड पायझर या दोन गणितज्ञांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात ‘वेबवर्क’ नावाची प्रणाली उभी केली. यातले गेज भूमितीतले मोठे संशोधक, वक्ररेषा आकसत गेल्या की त्यांचं काय होतं यावरच्या एका प्रसिद्ध प्रमेयाला त्यांचं नाव आहे. पण जगभरच्या विद्यार्थ्यांचा त्यांच्याशी संबंध येतो तो गृहपाठातून. या कामासाठी दोघांना २०१६ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचा अध्यापनातल्या योगदानाचा पुरस्कार मिळाला.

वेबवर्क मोफत आहे आणि त्याचा कोड खुला आहे. त्यातले प्रश्न ‘पर्ल’ या प्रोग्रॅमिंग भाषेवर आधारलेल्या एका छोट्या भाषेत लिहिले जातात. जगभरच्या शिक्षकांनी मिळून जमवलेल्या त्याच्या खुल्या प्रश्नसंग्रहात ३० हजारांहून अधिक प्रश्न आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याला आकडे वेगळे मिळतात, म्हणून शेजाऱ्याचं उत्तर छापून भागत नाही. आणि उत्तर चुकलं की लगेच कळतं, पुन्हा प्रयत्न करता येतो.

हे ‘लगेच कळणं’ हीच त्याची ताकद, आणि आपल्या गोष्टीतली खरी अडचणही तीच. वहीवर चुकून फुली पडली तर विद्यार्थी दुसऱ्या दिवशी सरांशी भांडू शकतो. रात्री पावणेबाराला लाल पट्टी दिसली की तो भांडत नाही, स्वतःवरच शंका घेतो. बरोबर असलेली पद्धत खोडतो आणि दुसरं काहीतरी करून पाहतो.

पहिला उपाय: फेऱ्या विसरून जा

उत्तर एकच कोन असेल, तर उपाय सोपा वाटतो. विद्यार्थ्याच्या उत्तरातून आपलं उत्तर वजा करा. फरक ३६० च्या पटीत असेल तर बरोबर.

वेबवर्कमध्ये यासाठी सोय आहे. न्यूयॉर्क राज्यातल्याच युनियन कॉलेजचे डेव्हिड सर्व्होन यांनी त्यात ‘मॅथऑब्जेक्ट्स’ नावाचा भाग लिहिला. (वेबपानांवर गणिती चिन्हं नीट दाखवणारं ‘मॅथजॅक्स’ ज्यांच्यामुळे ओळखलं जातं, तेच हे.) या भागात आकडा हा नुसता आकडा नसतो, त्याला गुणधर्म चिकटवता येतात. ‘हा ३० आहे आणि याचं आवर्तन ३६० आहे’, एवढं सांगितलं की ३९०, ७५०, उणे ३३० सगळं चालतं.

पण आत एक गंमत लपलेली आहे. कम्प्युटर ३६० नं भागून बाकी शून्य येते का ते पाहत असेल, असं कुणालाही वाटेल. तसं केलं तर घोळ होतो. प्रत्यक्षात कोन बहुतेक वेळा पायच्या पटीत असतात, त्यांचे दशांश संपत नाहीत, विद्यार्थी चार-पाच स्थळांपर्यंत लिहितो आणि थांबतो. समजा ३९० ऐवजी ३८९.९९९९ आलं. फरक ३५९.९९९९. भागून बाकी काय? ३५९.९९९९. शून्याच्या जवळ? अजिबात नाही! उत्तर केसभर कमी पडलं आणि बाकी थेट दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. रात्री अकरा एकोणसाठ आणि बारा वाजून एक मिनिट यांत दोनच मिनिटांचं अंतर असतं, पण तारीख बघणाऱ्याला तो अख्खा दिवस वाटतो, तसंच हे.

म्हणून वेबवर्कचा कोड एक छोटी युक्ती करतो. फरकात आधी अर्धं आवर्तन, म्हणजे १८०, मिळवतो आणि मग भागून बाकी १८० च्या जवळ आहे का ते बघतो. ३५९.९९९९ अधिक १८० म्हणजे ५३९.९९९९, त्याची बाकी १७९.९९९९. आता काम झालं. ज्या जागी उत्तर अपेक्षित आहे ती जागा काठावरून उचलून मधोमध आणली की थोडं इकडे, थोडं तिकडे झालं तरी बिघडत नाही. एका ओळीची दुरुस्ती आहे, पण ती सुचायला आधी कुणाचं तरी बरोबर उत्तर चुकीचं ठरलेलं पाहावं लागतं.

‘सगळी उत्तरं लिहा’ म्हटलं की

शिक्षकांना खरं तर एक कोन नकोच असतो. विद्यार्थ्याला सगळी उत्तरं सापडतात का, हे त्यांना पाहायचं असतं. तिथे सर्वात सोपी पळवाट म्हणजे प्रश्नालाच कुंपण घालणं: ‘० ते ३६० अंशांमधली सगळी उत्तरं स्वल्पविराम देऊन लिहा.’ अमर्याद यादीची दोन-चार आकड्यांची यादी होते. क्रम कसाही चालतो, अर्धी उत्तरं बरोबर असतील तर अर्धे गुणही देता येतात.

आपल्याकडे जेईईसारख्या परीक्षांमध्ये ‘अमुक ते तमुक दरम्यान किती उकली आहेत?’ असं विचारतात, त्यामागेही हाच फायदा आहे. उत्तर एका पूर्णांकात येतं, वाद संपतो.

इथेही खाचखळगे आहेत. प्रश्नातले आकडे यंत्र आपोआप बदलतं. एकाला ‘साइन बरोबर अर्धा’ मिळतं, त्याची उत्तरं दोन. दुसऱ्याला ‘साइन बरोबर १’ मिळतं, त्याचं उत्तर एकच, ९० अंश. तिसऱ्याला ‘साइन बरोबर ०’ मिळालं तर ० आणि १८०, आणि वर ३६० धरायचं की नाही हा प्रश्न. कोड लिहिणाऱ्यानं दोनच चौकोन ठेवले असतील, तर दुसरा विद्यार्थी रिकाम्या चौकोनाकडे बघत डोकं खाजवणार.

खरा पेच: सामान्य उकल

आता येतो तो प्रश्न, ज्यात भलेभले अडकतात. कुंपण काढा आणि म्हणा, ‘सामान्य उकल लिहा.’ म्हणजे एका सूत्रात सगळी अनंत उत्तरं.

अमेरिकेतली पाठ्यपुस्तकं दोन कुटुंबं लिहायला शिकवतात: ३० + ३६०न आणि १५० + ३६०न, इथे न म्हणजे कोणताही पूर्णांक.

भारतात अकरावी-बारावी केलेला विद्यार्थी मात्र वेगळंच लिहितो. त्याच्या बोटांत बसलेलं सूत्र असतं: १८०न + (−१) चा न-वा घात × ३०. न सम असेल तर ३० मिळवायचे, विषम असेल तर वजा करायचे. न शून्य धरा, ३० मिळतात. १ धरा, १५०. २ धरा, ३९०. ३ धरा, ५१०. दोन्ही कुटुंबं एकाच ओळीत! पुणे, नागपूर किंवा कोल्हापुरातून शिकायला गेलेल्या मुलाला हे इतकं सवयीचं असतं की यात काही वेगळं आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

यंत्राला मात्र घाम फुटतो. कारण दोन सूत्रं सारखी आहेत का, हे यंत्र बीजगणित करून ठरवत नाही. वेबवर्क चलाच्या जागी काही यादृच्छिक संख्या घालतं आणि दोन्हीकडची उत्तरं जुळतात का ते बघतं. नेहमीच्या सूत्रांसाठी ही पद्धत झकास आहे. पण या संख्या सहसा दशांशात असतात. न च्या जागी ०.४ आलं, तर उणे एकचा ०.४ वा घात काढायचा कसा? वास्तव संख्यांमध्ये तो अस्तित्वातच नाही. तपासणी तिथेच कोसळते.

बरं, हे सोडा. साधं ३० − ३६०न लिहिलं तरी पंचाईत. पूर्णांक पुढे मोजा नाहीतर मागे, कोन तेच मिळतात. पण न = ०.४ घातल्यावर एकीकडे १७४ आणि दुसरीकडे उणे ११४ येतात. फरक २८८, ३६० च्या पटीत नाही. यंत्र म्हणणार, चूक.

उपाय? यंत्राला सांगायचं की न साठी फक्त पूर्णांक घे. वेबवर्कमध्ये चलाची मर्यादा आणि पायरी ठरवून देता येते, पायरी १ ठेवली की दशांश बंद.

इथे अनेकांना वाटतं की झालं काम. न च्या जागी पूर्णांक घालायचे, येणाऱ्या प्रत्येक कोनाची ३६० नं भागून बाकी पाहायची, ती ३० किंवा १५० असेल तर हिरवी पट्टी. नेमका इथेच सर्वात वाईट घोटाळा होतो.

प्रश्न असा घ्या: साइन २थीटा बरोबर अर्धा. बरोबर उत्तराचं पहिलं कुटुंब काढायचं तर २थीटा = ३० + ३६०न, म्हणून थीटा = १५ + १८०न. शेकडो विद्यार्थी काय करतात? ३० ला दोननं भागतात आणि ३६० ला भागायचं विसरतात. लिहितात १५ + ३६०न. त्रिकोणमितीतली ही इतकी नेहमीची चूक आहे की बऱ्याचदा प्रश्न तीच पकडण्यासाठी घातलेला असतो.

आता आपली तपासणी लावा. १५ + ३६०न मधला प्रत्येक कोन खरोखरच समीकरणाचं उत्तर आहे. एकही चुकीचा नाही. यंत्र खुशाल हिरवी पट्टी दाखवतं. पण अर्धी उत्तरं, १९५, ५५५ वगैरे, गायब आहेत, त्यांच्याबद्दल यंत्रानं विचारलंच नाही! म्हणजे बरोबर उत्तर नाकारू नये म्हणून केलेल्या सोयीनं नेमकी ती चूक पास केली, जी पकडण्यासाठी प्रश्न होता. आणि विद्यार्थी परीक्षेतही आत्मविश्वासानं तीच करणार, कारण कम्प्युटरनं हिरवं दाखवलं होतं.

लाल पट्टीची निदान तक्रार तरी येते. चुकीच्या हिरव्या पट्टीची तक्रार कोण करणार?

खिडकी लावून बघा

म्हणून तपासणी दोन्ही बाजूंनी हवी. एक, विद्यार्थ्यानं दिलेला प्रत्येक कोन खरंच उत्तर आहे का? दोन, प्रत्येक खरं उत्तर विद्यार्थ्याच्या यादीत येतं का?

अनंत यादी तपासता येत नाही, पण खिडकी लावता येते. उणे ७२० ते ७२० अंश एवढाच पट्टा घ्या. साइन बरोबर अर्धा या समीकरणाची या पट्ट्यात बरोबर आठ उत्तरं आहेत: उणे ६९०, उणे ५७०, उणे ३३०, उणे २१०, ३०, १५०, ३९० आणि ५१०. विद्यार्थ्याच्या सूत्रात न च्या जागी उणे १०० पासून १०० पर्यंतचे सगळे पूर्णांक घाला, पट्ट्यात पडणारे कोन वेचा, एकसारखे आलेले काढून टाका, चढत्या क्रमानं लावा. दोन याद्या जुळल्या तर बरोबर.

ही पद्धत दिसायला अगदीच साधी, जवळजवळ आडदांड आहे. पण ती सूत्राच्या रूपाकडे बघतच नाही, म्हणून ती निभावते. दोन कुटुंबं लिहा, (−१) चा घात लिहा, ३० − ३६०न लिहा, चार कुटुंबं लिहिलीत तरी हरकत नाही. आठ कोन हजर असले की पास. १५ + ३६०न मात्र तिच्या खिडकीत लगेच उघडं पडतं.

न ची मर्यादा उणे १०० ते १०० इतकी लांब का? कारण कुणीतरी ३६३० + ३६०न लिहिणारा निघतोच. तेही बरोबरच आहे. न ची धाव दहापर्यंतच ठेवली असती, तर त्याची यादी ३० पाशीच संपली असती. दोनशे-एक वेळा एक छोटं सूत्र सोडवणं कम्प्युटरला काहीच नाही.

शिवाय बारीकसारीक गोष्टी आहेत. एक विद्यार्थी न लिहितो, दुसरा क, तिसरा म. यंत्राला ठाऊक नसलेलं अक्षर आलं तर ‘हे अक्षर ओळखीचं नाही’ असा निरोप येतो आणि विद्यार्थी गोंधळतो. त्यावर सर्वात स्वस्त इलाज म्हणजे प्रश्नातच लिहायचं, ‘पूर्णांकासाठी न वापरा.’ कोडच्या वीस ओळींपेक्षा प्रश्नातली एक ओळ कधीकधी जास्त काम करते.

चूक आहे एवढंच नको, कुठली ते सांगा

ब्रिटनमध्ये ख्रिस सँगविन यांनी सुरू केलेली ‘स्टॅक’ ही प्रणाली इथे एक पाऊल पुढे जाते. तिच्या पोटात ‘मॅक्सिमा’ हे बीजगणित करणारं सॉफ्टवेअर आहे आणि ती ‘मूडल’ला जोडून वापरतात. भारतातही अनेक कॉलेजं मूडल वापरतात, तेव्हा हे आपल्यापासून फार दूरचं नाही. स्टॅकमध्ये शिक्षक उत्तरांचं एक झाड आखतो: असं आलं तर या फांदीवर, तसं आलं तर त्या. १५ + ३६०न आलं की नुसती लाल पट्टी न दाखवता ‘तुमचे कोन बरोबर आहेत, पण काही राहिलेत. ३६० ला दोननं भागलंत का?’ असं विचारता येतं.

असं झाड आखायला विद्यार्थी कुठे चुकतात हे आधी माहीत असावं लागतं. ते प्रोग्रॅमरला नाही, फळ्यासमोर वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या मास्तरांनाच माहीत असतं.

आणि तो ३५५

आवर्तनाचा हिशेब धरला की काही भलतीच उत्तरंही आत शिरतात. समजा प्रश्न आहे, ज्याचा टॅन शून्य येतो असा कोन रेडियनमध्ये सांगा. साठवलेलं उत्तर शून्य, आवर्तन पाय. कुणी २२ लिहिलं तर? पायची सात पट म्हणजे २१.९९११. फरक सुमारे ०.००८९. वेबवर्क सहसा हजारात एक एवढीच चूक चालवून घेतं, आणि इथे ती अर्ध्या पायच्या तुलनेत मोजली जाते, म्हणजे साधारण ०.००१६. २२ बाद.

आता कुणी ३५५ लिहिलं तर? पायची ११३ पट ३५४.९९९९७ येते. फरक इतका क्षुल्लक की यंत्र हिरवी पट्टी दाखवणार. पाचव्या शतकात चीनमधल्या झू चोंगझी यांनी पायसाठी ३५५ भागिले ११३ हा अपूर्णांक दिला होता, हा त्याचाच प्रताप. टॅन ३५५ काटेकोरपणे शून्य नाही, त्यामुळे उत्तर चूकच आहे. पण ज्या विद्यार्थ्याला इथे ३५५ लिहायचं सुचलं, त्याचे गुण कापायला एकही शिक्षक धजावणार नाही.